तुमचे प्रश्न : खवले मांजर, सापळा आणि पंचनामा

प्रश्न : काजूच्या बागेत बेणणी चालू असताना गडग्याच्या कडेला खवले मांजर सापडलं. गड्यांनी पोत्यात घालून घरी आणलंय. वनखात्याला कळवलं तर केस आपल्यावरच होईल, असं शेजारी म्हणतात. (एक बागायतदार, राजापूर)

उत्तर : हे वाचून होईपर्यंत सुद्धा थांबू नका, 1926 लावा. वनखात्याचा हा टोल-फ्री नंबर. गावच्या वनरक्षकाचा नंबर असेल तर तोही चालेल. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते आणि तो ताब्यात आला की 48 तासांत कळवावं लागतं. केस होते ती न कळवणाऱ्यावर. शेजाऱ्यांनी उलटं ऐकलंय.

माणसं येईपर्यंत त्याला पोत्यातून काढा. पोतं नखांनी फाटतं, नाही फाटलं तर आत जनावर गुदमरतं. उभं, उंच पिंप सावलीत ठेवा, तळाशी वीतभर माती आणि पाचोळा, वर भोकं पाडलेलं झाकण. सिमेंटच्या खोलीत कोंडू नका, उकरून उकरून नखं रक्तबंबाळ करून घेतं. दूध, भात, अंडं काही देऊ नका. त्याला दातच नसतात. मुंग्या आणि वाळवी हेच त्याचं खाणं. गोळा झालेला असतो तो भीतीने, तो उलगडायला जाऊ नका; खवल्यांच्या कडा धारदार असतात. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. दलाल वनरक्षकाच्या आधी पोचतो.

पुढच्या वेळी मात्र उचलूच नका. कुत्रे बांधा, माणसं बाजूला घ्या. थोड्या वेळाने ते आपलं आपण वाटेला लागतं.

प्रश्न : एवढी मागणी आहे तरी कशाला? भाव काय चालतो? (दापोली)

उत्तर : भाव मुद्दाम छापत नाही. खवलं म्हणजे केराटिन, तुमच्या आमच्या नखांचंच द्रव्य. चीनमधल्या पारंपरिक औषधांसाठी ती बाहेर जात. चीनने 2020 मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवलं काढली. आंतरराष्ट्रीय व्यापाराला तर 2017 पासूनच बंदी आहे. जिवंत जनावर इथेच ‘पैशांचा पाऊस’ पाडणाऱ्या भोंदूंकडे जातं. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेलं जनावर भरून यायला वेळ लागतो.

प्रश्न : सापळ्यात पकडलेल्यांचे फोटो पेपरात येतात, मग तेच लोक बाजारात चहा पिताना दिसतात. वनखातं ढिलं पडतं का? (चिपळूण)

उत्तर : पकडणं सोपं, शाबीत करणं अवघड. जामीन मिळणं म्हणजे सुटणं नव्हे, हे आधी लक्षात घ्या. पण काही खटले खरोखर पडतात, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ पहिल्या रात्रीच्या कागदात सापडतं.

खबर येते, बनावट गिऱ्हाईक पाठवतात, सौदा ठरतो, माल दिसला की इशारा होतो. इथपर्यंत सगळं पेपरात येतं. त्यानंतरचं येत नाही. जागेवरच दोन पंचांसमोर पंचनामा व्हायला हवा. खवलं मोजून, वजन करून, पाकिटात घालून लाखेची मोहोर, पाकिटावर पंच आणि आरोपीच्या सह्या. नमुना तपासणीला जातो तेव्हा तीच मोहोर शाबूत दिसली पाहिजे. पंचनाम्यात 42 नग आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर 40 असले, की बचावाच्या वकिलाला आणखी काही लागत नाही. वेळेचंही तसंच : धाड हातखंब्याला, पंचनामा कार्यालयात बसून लिहिलेला, आणि पंच नेहमीचेच दोघे. उलटतपासणीत पंधरा मिनिटांत उघडं पडतं.

दुसरी जागा कबुलीजबाबाची. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 50 खाली मात्र सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या, तसे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने नोंदवलेली साक्ष पुढे कोर्टात चालते. ती आरोपीच्या हजेरीत घेतलेली असली पाहिजे. वनपालाने घाईत लिहून घेतलेल्या कागदाला हे बळ नाही. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून ही साक्ष राहून जाते, हे आमच्या मते सगळ्यात महागात पडणारं दुर्लक्ष.

जनावर जिवंत असेल तर घाई दुहेरी. मुद्देमाल म्हणून ते पिंजऱ्यात अडकून पडलं तर उपासानेच मरायचं. म्हणून पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, फोटो, वजन लगेच करून सोडण्याची परवानगी कोर्टाकडून घेतात. खवले मांजर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. गुन्हा शाबीत झाला तर 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड.

तुम्हाला पंच व्हायला बोलावलं तर जा. वाचल्याशिवाय मात्र सही करू नका.

प्रश्न : किनाऱ्यावर मेणासारखा गोळा मिळाला. व्हेलची उलटी असेल का? विकता येईल? (देवगड)

उत्तर : विकता येणार नाही, घरात ठेवताही येणार नाही. असे बरेच गोळे जहाजांतून सांडलेल्या पामतेलाचे किंवा मेणाचे निघतात. खरी की खोटी ओळखायला तापलेली सुई टोचून बघायच्या भानगडीत पडू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि 1926 लावा.