रोटरीची मदत : घेताना आणि देताना

आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका रोटरी क्लबने आरओ यंत्र दिलं होतं. दोन वर्षांत ते बंद पडलं. नवं मागावं का? (मुख्याध्यापिका, जव्हार तालुका)

बाई, आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेत असतील, तर आरओची गरजच नाही. डोंगराळ भागातल्या विहिरींत बहुधा क्षारांचा त्रास नसतो. त्रास असतो पावसाळ्यात विहिरीत उतरणाऱ्या गढूळ पाण्याचा आणि जंतूंचा. त्याला नीट गाळणं आणि क्लोरीन पुरतं. आरओला वीज लागते, त्यातला गाळणीचा पडदा (मेम्ब्रेन) बदलावा लागतो आणि बरंच पाणी मोरीत जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ते कसं परवडणार? तरी क्लब आरओच देतात, कारण ते भिंतीवर दिसतं आणि उद्घाटनाच्या फोटोत येतं. मला हे अजिबात पटत नाही.

तेव्हा यंत्र मागू नका, तपासणीचा अहवाल घेऊन क्लबच्या सचिवांना भेटा. शक्यतो एप्रिल-मेमध्येच भेटा. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, अध्यक्ष बदलतात, आणि नवे पदाधिकारी त्याआधीच प्रकल्प ठरवत असतात. देखभाल कोण करणार आणि खर्च कुठून येणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून ठेवा.

आमच्या क्लबने डायलिसिस यंत्रांसाठी परदेशी क्लबशी भागीदारी केली आहे. पैसा थेट इथे येतो का? (निवृत्त बँक अधिकारी, इचलकरंजी)

तसा येत नाही. अशा भागीदारीला रोटरीचं ‘ग्लोबल ग्रँट’ हे अनुदान मिळतं; त्याला इथला एक क्लब, परदेशातला एक भागीदार क्लब आणि किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प लागतो. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे रोटरीच्या अनेक क्लबांच्या विभागाच्या, निधीत रोटरी फाउंडेशन ही रोटरीची निधी-संस्था आपली भर घालते. आपल्याकडे संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. त्यामुळे ‘तिकडच्या मित्राने माझ्या खात्यावर पाठवले’ असं कुणी पदाधिकारी म्हणाला, तर त्याला तिथंच थांबवा. तुमच्यासारखा माणूस हिशेबाला बसला, तर क्लबचं भलंच होईल.

भारतातून पोलिओ गेला. मग त्यासाठी अजून वर्गणी कशाला? (नवा सदस्य, नाशिक)

रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लसीकरण सुरू केलं, १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ ही जगभरातून पोलिओ हटवण्याची मोहीम हाती घेतली. २००९ मध्येसुद्धा भारतात ७४१ रुग्ण होते. शेवटची रुग्ण हावड्याची, जानेवारी २०११ मधली. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतो आहे, आणि त्याला सीमा अडवत नाही. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जातात ते त्यासाठीच. वर्गणी जरूर द्या.

सदस्य न होता काम करता येईल का? (गृहिणी, सांगली)

हो. रोटरी कम्युनिटी कोअर अशाच लोकांसाठी आहे. क्लब पाठीशी असतो, काम गावातली माणसं ठरवतात. जवळच्या क्लबला विचारा, त्यांच्याकडे कोअर नसेल तर सुरू करायला सांगा.