एच-फोरवर न्यू जर्सीला येतेयस, डिग्री अर्धवट आहे? आधी कॉलेज ठरव

तू विचारलंयस की एसवाय बीकॉमनंतर शिक्षण सुटलं, आता नवऱ्याबरोबर एच-फोरवर (एच-वन-बीवर काम करणाऱ्याच्या बायकोला मिळतो तो व्हिसा) न्यू जर्सीला येतेयस, तर क्लेपच्या (पास झालं की कॉलेजचा तो विषय वर्गात न बसता पूर्ण धरतात अशा) परीक्षा देऊन डिग्री पूर्ण होईल का. होते गं, मी दोन पोरं सांभाळून केलीय. एच-फोरवर शिकायला आडकाठी नाही. फक्त आधी कॉलेज ठरव, मगच परीक्षा दे.

मी उलटं केलं. आल्या आल्या क्लेपची मॅक्रोइकॉनॉमिक्स दिली, पास झाले, आणि नंतर पुण्याच्या मार्कशीट्सचं इव्हॅल्युएशन (इथल्या हिशोबाने कशाला किती धरायचं त्याचा रिपोर्ट) आलं तर त्यात इकॉनॉमिक्सचे क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची मोजणी, ती जमवून डिग्री होते) आधीच मिळालेले, आणि एकाच विषयाचे क्रेडिट दोनदा धरत नाहीत, म्हणजे फी गेली आणि महिनाभर रात्री जागून केलेला अभ्यास पण गेला. वर एका कॉलेजातून फोनवर सांगितलं होतं "हो, हे चालेल", नंतर नाहीच चाललं, तेव्हा फार रडले होते मी. म्हणून सांगते, जे विचारशील ते ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव.

इथे बॅचलर्सला साधारण 120 क्रेडिट लागतात. बाहेरचे क्रेडिट सढळ हाताने घेणारी म्हणजे ट्रेंटनचं थॉमस एडिसन, कनेक्टिकटचं चार्टर ओक आणि न्यूयॉर्क राज्यातलं एक्सेलसियर, तिन्ही रीतसर मान्यता असलेली. शेवटचा कॅपस्टोन, म्हणजे डिग्रीच्या अखेरचा कोर्स, मात्र त्यांच्याकडेच करावा लागतो, त्याचे पैसे आधीच बाजूला ठेव.

क्लेपला मार्क 20 ते 80 मध्ये असतात, बहुतेक ठिकाणी 50 ला क्रेडिट देतात, नापास झालीस तर तीच परीक्षा परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं. मॉडर्न स्टेट्स या वेबसाइटवरचा फुकट कोर्स पूर्ण केलास की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं, ते सोडू नकोस. तुला फायनान्शियल अकाउंटिंग सोपी जाईल, फक्त आपण बॅलन्स शीटमध्ये डावीकडे लायबिलिटीज लिहायचो ना, इथे आधी ॲसेट्स आणि त्यातही सगळ्यात वर कॅश, हात बसायला मला आठवडा लागला. अमेरिकन हिस्ट्रीच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नकोस. असे विषय मी सोफिया या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर केले, तिथे महिन्याची फी भरून आपल्या वेगाने कोर्स संपवायचे, पोरं झोपली की रोज दोन तास. पण सोफियाचे क्रेडिट सगळी कॉलेजं घेत नाहीत, ते पण विचारून घे.

आणि निघायच्या आधी युनिव्हर्सिटीतून ट्रान्सस्क्रिप्ट (सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत दाखला) काढायचं बघ, दोनतीन सीलबंद कॉप्या घे आणि विषयांचा सिलॅबस पण. इथून ते काढायला माझ्या भावाला कितीदा हेलपाटे घालावे लागले.

तुझी बहीण एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) यायचं म्हणतेय ना, तिला हा घरबसल्या ऑनलाइन शिकायचा रस्ता सांगू नकोस, त्या व्हिसावर फुलटाइममध्ये टर्मला एकच ऑनलाइन कोर्स धरतात, तिला कॅम्पसवरच शिकावं लागेल.

एफवाय-एसवायचे विषय लिहून पाठव, कुठली परीक्षा द्यायची नाही ते आधी बघू.