दवाखान्यात तीन मशीन, सॉफ्टवेअर एकच हवंय

प्रश्न: राजारामपुरीत आमचा दवाखाना आहे. काउंटरवर विंडोज, मिस्टरांकडे मॅकबुक, माझ्याकडे अँड्रॉइड टॅब. पेशंटची फाईल तिन्हीवर उघडेल असं काय घेऊ?

उत्तर: डॉक्टर, ब्राउझरमध्ये चालणारंच घ्या, मग मशीन कुठलं का असेना. ओपनईएमआर हे पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बघा, फुकट आहे, सर्व्हर विंडोजवर चालतो, लिनक्सवर पण, फक्त बसवायला आणि बॅकअप बघायला माणूस लागतो, त्याचे पैसे धरा. विकतचं घेणार असाल तर डेमो सेल्समनच्या लॅपटॉपवर नको, तुमच्याच टॅबवर खोटा पेशंट टाकून प्रिस्क्रिप्शनची प्रिंट काढा, मराठी जोडाक्षरं बऱ्याचदा तिथंच तुटतात. डेटा बाहेर काढून मिळेल हे लेखी घ्या, नाहीतर सोडताना अडकलात. आणि पेशंटच्या 14 आकडी आभा नंबरचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या नंबरचा, रकाना हवाच.