पहिल्यांदाच नामांकन भरताय?

सहकारी बाईंचं नाव हेनॅक पुरस्कारासाठी सुचवताय, फार चांगलं करताय. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषिक मुळाच्या, इंजिनिअर-शास्त्रज्ञांसाठी १९८९ साली हा उपक्रम सुरू झाला. चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी लिहायला बसणारे कमी पडतात.

नवखे लोक बहुतेक वेळा बायोडेटाच उतरवून काढतात आणि वर 'मेहनती, मनमिळाऊ' अशी विशेषणं जोडतात. त्यातून परीक्षकांना काहीच कळत नाही. कामामुळे काय बदललं ते लिहा. मारिओ मोलिना 'थोर रसायनशास्त्रज्ञ' होते, एवढ्यावर थांबू नका. सहकारी शास्त्रज्ञ शेरवूड रोलंड यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये फ्रिज आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंचा ओझोन थराला असलेला धोका दाखवला आणि हे वायू आटोक्यात आणणारा १९८७ चा माँट्रियल करार त्याच वाटेने आला, असं लिहिलं की वजन येतं. बाईंचं काम एवढं जगजाहीर नसेल, पण पद्धत हीच.

बाकी थोडक्यात:

- आधी गट नीट निवडा. तांत्रिक कामगिरी आणि व्यवस्थापन यांची गल्लत करू नका.
- शिफारस मोठ्या हुद्द्यापेक्षा त्यांचं काम जवळून पाहिलेल्या माणसाकडून घ्या, आणि लवकर मागा.
- कंपनीची परवानगी आधीच काढा.
- दोन आडनावं असतील तर नाव कसं छापायचं ते त्यांनाच विचारा.

मसुदा झाला की इथे टाका, मी नक्की वाचेन.