म्हणाले की म्हणाला

प्रिय सानू,

तुझा इथल्या जर्मन शाळेतला वंशवृक्ष अजून डायनिंग टेबलावर वाळतोय. मामांच्या फांदीवर तू अशोक सराफांचा फोटो चिकटवलायस आणि खाली लिहिलंयस, ‘ओंकेल अशोक’. मला हसू आवरलं नाही आणि तू रुसलीस. झोपताना मात्र विचारलंस, “आई, टीव्हीवरची सगळी माणसं आपल्या नात्यात कशी गं? दादा, ताई, मामा. ही आपली कोण लागतात?”

कोणीच लागत नाहीत. पण एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. अडलं तर बाबाला विचार.

आपल्याकडे अनोळखी माणसाला नुसतं नावाने हाक मारणं जड जातं. इथे जर्मनीत तू शेजारणीला फ्राउ, म्हणजे बाई, म्हणतेस, पुढे आडनाव लावतेस, झालं. कराडच्या मंडईत तसं चालत नाही. भाजीवाली मावशी, रिक्षावाले काका, स्टँडवर बॅग उचलून देणारा दादा. मुंबईच्या लोकलमध्ये तर “ताई, कुठे उतरणार?” असं विचारलं की अर्धी सीट आपली झालीच. नातं लावलं की काम मागायला तोंड उरतं आणि समोरच्याला नाही म्हणणं अवघड होतं.

पुढारी हे फार लवकर शिकतात. सुप्रिया सुळे ताई, अजित पवार दादा, आर. आर. पाटील आबा. सांगोल्याहून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुखसुद्धा आबाच. शरद पवार मात्र साहेब. हे साहेब प्रकरण नात्यातलं नाही, कचेरीतलं आहे. आणि कोणते साहेब ते गावावरून ओळखायचं. आजोबांच्या लहानपणी कराडात साहेब म्हणजे यशवंतराव चव्हाण. लालबाग-परळला विचारलंस तर बाळासाहेब. आता कराडला आपल्या कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर पंचविशीतला गॉगलवाला मुलगाही ‘दादा’ असतो, वाढदिवसाच्या केकसकट, आणि खाली चाळीस शुभेच्छुक. मला ते आवडत नाही. ज्याला दादा म्हटलं त्याच्याकडे रस्त्याच्या खड्ड्याचा हिशोब कोण मागणार?

2 जुलै 2023 आठवतो का? तू लहान होतीस. रविवार होता, मी आजीशी बोलत होते, स्पीकरवर. आजी म्हणाली, “अगं, दादा फुटला!” तू हातातला डोसा टाकून रडायला लागलीस. मी माझ्या भावाला दादा म्हणते ना, तुला वाटलं मामालाच काहीतरी झालं. फुटला होता तो पक्ष. अजित पवार त्यांच्या काकांना, म्हणजे शरद पवारांना, सोडून सरकारात गेले होते आणि उपमुख्यमंत्री झाले होते. तुला हे समजावताना माझी पोळी करपली.

पण बघ, त्या दिवशी आजी पक्षाबद्दल बोलतच नव्हती. ती घराबद्दल बोलत होती. पाडव्याला बारामतीत सगळे पवार एकत्र जमायचे, त्याचं आता काय होणार, वहिनीने ननंदेशी कसं वागायचं, हेच. 2024 च्या दिवाळीत खरंच दोन पाडवे झाले, एक काकांचा गोविंदबागेत, एक पुतण्याचा काटेवाडीत. आजीला निवडणुकीच्या निकालापेक्षा ते जास्त लागलं. आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की लोक कान टवकारतात. पेशवाईत, 1773 साली, शनिवारवाड्यात नारायणराव मारला गेला तेव्हापासूनची ही सवय असावी. ‘काका, मला वाचवा’ हे तू मोठी झालीस की ऐकशीलच.

आता एक गंमत सांगते. ती शाळेत नाही कळायची. आजीचं मत कुणाला जाणार हे ती कुणालाच सांगत नाही, आजोबांनाही नाही. पण बातम्या लागल्या की तिची क्रियापदं ऐक. “बरोबर म्हणाले ते,” म्हणजे माणूस अजून मर्जीत आहे. “काय म्हणाला हा?” म्हणजे संपला. एकाच पुढाऱ्याला संध्याकाळी सातला ‘ते’ आणि साडेसातला ‘तो’ झालेलं मी ऐकलंय. आजोबा त्यावर फक्त आवाज कमी करतात.

मग तू म्हणशील, एकवचन म्हणजे अपमान. तिथेच तर फसशील. आजी लताबाईंविषयी बोलताना काय म्हणते? “लता गायची तेव्हा...” सहा वर्षांनी लहान परका माणूस आला तरी अहो-जाहो करणारी आजी, आणि लता मात्र ‘ती’. 16 नोव्हेंबर 2013 ला सचिन वानखेडेवर शेवटचं बोलला तेव्हा आजोबा टीव्हीसमोर डोळे पुसत म्हणाले, “रडवलंस की रे तेंडल्या.” शिवाजी महाराजांचा शिवबा होतो, बाबासाहेबांचा भीमराया. पंढरपूरला तर सगळेच विठ्ठलाला ‘तू’ म्हणतात, वर माउलीही म्हणतात. मी स्वतः आईला ‘तू’ म्हणते आणि बाबांना ‘तुम्ही’. कोण जवळचं, असं मला कुणी विचारू नये.

म्हणजे ‘तो’ दोन प्रकारचा. कुठला ते आवाजावरून कळतं, पुस्तकातून नाही. तुला जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’, म्हणजे तू आणि तुम्ही, जमतं, हेही जमेल. आणि नाती फक्त आपणच लावतो असं नाही हं. मर्केलबाई इथे सोळा वर्षं चान्सलर होत्या, त्यांना लोक ‘मुटी’ म्हणायचे. म्हणजे आई. थोडं चेष्टेने, थोडं खरंच.

अशोक सराफांना अख्खा महाराष्ट्र अशोकमामा म्हणतो. 2025 ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आजीने शेजारी पेढे वाटले. तेव्हा तो फोटो काढू नकोस. बाईंनी विचारलं, हे आईचे भाऊ का, तर सांग, हे सगळ्यांच्या आईचे भाऊ. जर्मनमध्ये मामा, काका, आत्याचा नवरा, सगळे ओंकेलच, त्यामुळे त्यांना नीटसं कळणार नाही. ते राहू दे.

फक्त एक चूक झालीय. त्या फांदीवर अशोकमामा आहेत, आणि माझा खरा दादा राहिलाय. त्याला कळलं तर पुढच्या वेळी तो चिवडा पाठवायचा नाही. उजवीकडे थोडी जागा आहे, तिथे बसव.

तुझी,
आई