देवाचा राग येतो, म्हणजे विश्वास संपला का?

"ताई, मला देवाचा राग येतो. माझा विश्वास संपला का हो?"

पहिल्या भेटीत बाईंनी बसल्या बसल्या हेच विचारलं. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, पुण्यात मराठी शाळेत शिकवतात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे. मी समुपदेशक आहे आणि स्वतः ख्रिस्ती, त्यामुळे आमच्या लोकांकडून हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. बहुतेक जण तो दबक्या आवाजात विचारतात, चोरी कबूल केल्यासारखा.

बाईंच्या यजमानांच्या किडन्या निकामी झालेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी उकळून पाणी ओतून द्यायचं. आणि पाण्याचं माप. जेवणाच्या टेबलावर एक लिटरची बाटली, तिच्यावर मार्करनं मारलेल्या पाच रेघा. चहा, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं त्यातच बसवायचं. "त्यांच्यासमोर मला पाणी घशाखाली उतरत नाही," बाई म्हणाल्या. आधी त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून पाणी प्यायच्या. पुढे तेही सुटलं. दिवसभर डोकं ठणकायचं, लघवीला जळजळ व्हायची, आणि त्या ते कुणाला सांगत नव्हत्या.

एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी प्रेमानंच साक्ष द्यायला सांगितलं: प्रभूनं कसं चालवलं ते सांगा. बाई उभ्या राहिल्या. शब्द फुटेना. खाली बसल्या, आणि त्या दिवसापासून चर्चला गेल्याच नाहीत. घरी भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी म्हणायचं प्रभूची इच्छा, कुणी म्हणायचं प्रार्थना कमी पडतेय. हे दुसरं वाक्य आजाऱ्याच्या घरात कुणीही कधीही उच्चारू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी आधी झोप, जेवण विचारलं. मग सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "मी झोपेतच गेले तर बरं, असं येतं मनात." अशा वेळी नुसतं बोलणं पुरत नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, रक्त-लघवी तपासून घेतली, आणि रात्री-अपरात्री कधीही लावता येईल असा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घातला.

पुढच्या भेटीत बायबल काढलं. १ राजे, १९वा अध्याय. एलीया जीव घेऊन रानात पळालाय, झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय. कर्मेल डोंगरावर इतका मोठा विजय पाहिलेला संदेष्टा! देव त्याला दटावत नाही, विश्वासावर प्रवचन देत नाही. त्याला झोपू देतो. दूत येऊन हलवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. बोलणं त्यानंतर.

"पाणी," बाई म्हणाल्या. एवढंच.

रागाचंही बोललो. १३वं स्तोत्र कुठवर, कुठवर असं देवालाच विचारतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते देवालाच उद्देशून आहे. जो देवाशी भांडतो त्याचं देवाशी बोलणं तुटलेलं नसतं. बाईंना मी हे असंच सांगितलं.

मग गृहपाठ दिला: डायलिसिस नसलेल्या दिवशी, नणंदेला घरी बसवून, एक दिवस कुठेतरी फिरून यायचं. "हे घरात असताना मी फिरायला जाऊ? लोक काय म्हणतील?" दोन भेटी यातच गेल्या. शेवटी यजमानच म्हणाले, जा, मलाही तुझ्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

त्यांनी गाव निवडलं केडगाव. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. त्यांची आजी तिथे, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. सकाळची दौंड लोकल, खिडकीची जागा. यवत सुटलं, दोन्हीकडे ऊस. मुक्तीत आजही मुली-बायका राहतात, म्हणून आधी फोन करून परवानगी घेतली होती. मोठ्या चर्चमध्ये त्या एकट्या बसल्या. रमाबाईंची गोष्ट आजीकडून ऐकलेली. त्या दिवशी वर्षांसकट आठवली. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८८२मध्ये, लग्नाला दोन वर्षंही होत नाहीत तोच, नवरा पटकीनं गेला. १९२१मध्ये एकुलती मनोरमा गेली. आणि ही बाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होती; ते इथल्याच छापखान्यात छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. "मी तिथे मोठ्यानं रडले, ताई. कुणी साक्ष मागितली नाही."

दुपारी रिक्षानं नारायण महाराजांच्या बेटाकडे, म्हणजे तिथल्या दत्तमंदिराकडे चक्कर, सावलीत डबा. परतताना रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबल्या. बैलाचा घाणा नाही, यंत्राचाच, पण घुंगरू बांधलेले. एक पेला घेतला. मग दुसरा. मग तांब्याभर पाणी.

घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, काय खाल्लंस, काय प्यायलीस. बाईंना वाटलं लपवावं. पण सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "नीट सांग. आलं होतं का? लिंबू?"

आलं जरा जास्तच होतं, बाईंनी सांगितलं, आणि बर्फ नको म्हटलं तरी घातला होता.