गेम फुकट द्यावा की विकत?

प्रश्न : मुलगा मोबाइल गेम बनवून फुकट देणार, जाहिरातींतून कमावणार म्हणतो. जमेल का? – एक पालक, भुसावळ

उत्तर : भाऊ, फुकट गेममध्ये पैसे खर्च करणारे मूठभरच असतात. त्यांना गाठायला मोठ्या कंपन्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओततात. एकट्या पोराचा तिथे निभाव लागणं कठीण. मी जळगावात बसून कोड लिहितो, माझं मत पक्कं आहे : कॉम्प्युटरवरचा छोटा गेम करा, पण विकत द्या. स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकण्याचं ऑनलाइन दुकान) प्रत्येक गेमची फी 100 डॉलर, विक्रीतले साधारण 30 टक्के त्यांचे (रावेरच्या केळीची अडतसुद्धा इतकी नसते!). दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं गिऱ्हाईक 14 दिवसांत पैसे परत मागू शकतं, म्हणून सुरुवातीचा अर्धा तास जीव ओतून घडवायला सांगा. आणि लहान पोरांना नशिबाच्या पेट्या (आत काय निघेल हे न कळता गेममध्ये पैसे मोजून उघडायच्या त्या) विकण्याच्या धंद्यात त्याला पडू देऊ नका. त्याची मला मनापासून चीड आहे.